बेसलाइनवरच्या ताई

सॉल्ट लेकमधल्या आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर मेट्रो स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर ऑटोची रांग लागते. सकाळी नऊच्या सुमारास त्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या माणसाला काय शिक्षा व्हावी, याविषयी रांगेतल्या प्रत्येकाचे मत ठाम असते. ते मोठ्याने सांगण्याचे धैर्य मात्र कोणाजवळ नसते. माझ्याजवळ तर नव्हतेच. कोलकात्याला बदली होऊन मला आठच दिवस झाले होते, आणि एका सकाळी कानात वायरी घातलेला एक तरुण अगदी सहजपणे माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी माझ्या चपलांकडे पाहू लागले. तेवढ्यात पाठीमागून, नारळ फुटावा तसा, एकच शब्द आला.

"आउट!"

वळून पाहिले, तर सत्तरीकडे झुकलेल्या एक बाई उभ्या होत्या. कडक खळ दिलेली पांढरी सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि उजवा हात खांद्याच्या पातळीत बाजूला ताठ ताणलेला. त्या तरुणाच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या. त्याच्या पावलांकडे पाहत होत्या. तो आधी हसला, मग हसायचा थांबला, मग निमूटपणे रांगेच्या शेवटी गेला. बाईंनी हात खाली घेतला आणि मला म्हणाल्या, "मराठी ना तुम्ही?"

"हो. कसं ओळखलंत?"

"तो घुसला तेव्हा 'अगं बाई' म्हणालात. पुटपुटलात, पण म्हणालात."

पुढे चार वर्षे मी त्यांच्या डोक्यावर राहिले; म्हणजे त्या तळमजल्यावर आणि मी पहिल्या मजल्यावर. एका बँकेत अधिकारी म्हणून त्या पंचविशीत कोलकात्याला आल्या, निवृत्तही इथेच झाल्या, आणि परत जाण्याचे सबळ कारण न सापडल्यामुळे इथेच राहिल्या. मराठी मंडळी त्यांना ताई म्हणत, बंगाली मंडळी माशिमा, म्हणजे मावशी. त्या मात्र सगळ्यांना "तुम्ही" म्हणत: मला, मासळीवाल्याला, जिन्यातल्या मांजरालासुद्धा. बंगालीत बोलताना पाच वर्षांच्या पोरालाही "आपनि". मी एकदा भीत भीत कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, "पंचानं सगळ्यांपासून सारख्याच अंतरावर बसायचं असतं."

ताई टेनिसच्या पंच होत्या. उंच खुर्चीवर बसून गुण पुकारणारे जे मुख्य पंच असतात, त्यांपैकी नव्हे. रेषेशी बसून चेंडू आत पडला की बाहेर, एवढेच सांगणाऱ्या. शहरात हिरवळीची कोर्टे असलेला एक जुना क्लब आहे, आणि ताईंच्या बँकेची पहिली शाखा त्याच्या मागच्या गल्लीत होती. हिवाळ्यातल्या स्पर्धांसाठी क्लबला तासन्‌तास गप्प बसू शकतील अशी माणसे हवी असत. शाखेतल्या एका ज्येष्ठ बंगाली सहकाऱ्याने या नव्या मराठी मुलीचे नाव सुचवले, कारण जेवणाच्या सुट्टीत न बोलणारी शाखेत ती एकटीच होती. रॅकेट ताईंनी आयुष्यात हातात धरली नाही. त्या सहकाऱ्याने पहिल्या दिवशी जे शिकवले, ते मात्र त्यांनी चाळीस वर्षे सोडले नाही.

"चेंडूकडे बघायचं नाही," त्या सांगत. "रेषेकडे बघायचं. चेंडू येतोच."

दुसरा नियम त्याहून कडक होता. दिसले ते सांगायचे, वाटले ते नाही. एखादा चेंडू खेळाडू आड आल्यामुळे दिसलाच नाही, तर रेषेवरच्या पंचाने दोन्ही हात डोळ्यांवर धरायचे. मग निर्णय मुख्य पंचाने द्यायचा. ही खूण ताईंनी कोर्टाबाहेरही चालू ठेवली होती. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा उकडीच्या मोदकांचे पातेले उपडे झाले, आणि धक्का कोणी दिला यावरून दोन भगिनींत असा वाद पेटला की दोघी न्याय मागायला ताईंकडे आल्या. ताईंनी दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले.

"अहो ताई, तुम्ही तिथंच तर होतात!"

"होते. माझं लक्ष सारणाकडे होतं."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

ताईंनी हात काढले नाहीत. दोघी कंटाळून गेल्या तेव्हाच त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, "गेल्या का?"

टाळ्याही त्या कधी वाजवत नसत. मंडळाच्या कार्यक्रमात छोटी मुले अडखळत अडखळत मराठी कविता म्हणत, सारे सभागृह कौतुकाने टाळ्यांचा गजर करी, आणि पहिल्या रांगेत ताई हात गुडघ्यांवर ठेवून कोऱ्या चेहऱ्याने बसलेल्या असत. एका मुलीच्या आईने यावरून दोन वर्षे अबोला धरला. ताईंना त्याचे काही नव्हते. "टाळी वाजली की बाजू घेतली," त्या म्हणत. "पंचाला ते वर्ज्य."

मला त्यांनी का जवळ केले, हे मी आजही निश्चित सांगू शकणार नाही. माझे प्रत्येक वाक्य "मला वाटतं"ने सुरू होई आणि बहुतेक तिथेच संपे. कदाचित मी त्यांना दुरुस्तीचे काम वाटत असेन.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात त्या मला क्लबात घेऊन गेल्या. मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि ताई बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, बसल्या होत्या. तेरा वर्षांची एक सडपातळ मुलगी जिंकता जिंकता मागे पडली होती. शेवटच्या गुणाला तिने मारलेला चेंडू खोल गेला, रेषेपाशी पडला, आणि ताईंचा हात उठला. "आउट!" सामना संपला. मुलगी जागच्या जागी रडू लागली आणि तिचे वडील प्रेक्षकांतून उठून ओरडले, "माशिमा, आगे चोख देखिये आशुन!" आधी डोळे दाखवून या, म्हणजे. काही लोक हसले. ताई आपल्या जागेवर हात गुडघ्यांवर ठेवून तशाच बसून राहिल्या.

परतताना टॅक्सीत त्यांनी मला विचारले, "तुम्हाला काय दिसलं?"

"मला वाटतं, रेषेला लागला असावा... किंवा नसावा..."

"वाटणं सोडा. दिसलं का?"

"नाही."

"मग हात ठेवा डोळ्यांवर."

मी ठेवले. टॅक्सीवाला आरशातून पाहत होता.

दुसऱ्या आठवड्यात ताई खरोखरच डोळे दाखवायला गेल्या. निदान चांगले नव्हते. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर अगदी मधोमध एक पुसट डाग होता. अजून लहान होता, पण वाढणार होता. डॉक्टरांनी चौकटी छापलेला एक कागद दिला. रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्याकडे पाहायचे, आणि रेषा वाकड्या दिसू लागल्या की लगेच यायचे. जिने आयुष्यभर रेषाच पाहिल्या, तिला नेमके हेच दुखणे व्हावे! ताईंनी तो कागद फ्रिजवर लावला. सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू येई: "डावा, सरळ. उजवा, सरळ."

ही बातमी क्लबात पोचली तेव्हा सचिव स्वतः मिठाईचा डबा घेऊन आले. "मॅडम, आता विश्रांती घ्या," ते म्हणाले. "आम्ही तुमचा मोठा सत्कार करू."

"सत्कार म्हणजे टाळ्या," ताई म्हणाल्या. "मला नकोत. डॉक्टरांचा तक्ता भिंतीवर स्थिर असतो. चेंडू स्थिर नसतो. मला रेषेवरचा चेंडू दिसतो की नाही, ते तक्ता सांगू शकत नाही. मी योग्य ठिकाणी तपासून घेते. दिसत असेल तर पुढच्या जानेवारीत बेसलाइन माझी. नसेल तर मी होऊन उठेन. तुम्हाला उठवावं लागणार नाही."

सचिव गेल्यावर त्यांनी मिठाईचा डबा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "ती मुलगी क्लबात यायची बंद झालीय. सचिवांनी जाता जाता सांगितलं, ऐकलंत ना? माझा डोळा खोटा असेल, तर तिचा खेळ मी घालवला. हे मला कळायलाच हवं."

योग्य ठिकाण म्हणजे लंडन, हे मला दोन दिवसांनी समजले. हिरवळीवरच्या जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत आता रेषेवर माणसे बसत नाहीत. कॅमेरे चेंडू पाहतात आणि यंत्र निर्णय पुकारते. ज्या बातमीने ताईंना वर्षभर दुःख दिले होते, तिचाच त्यांनी उपयोग करायचे ठरवले. आपण रेषेच्या समोर बसायचे, प्रत्येक अवघड चेंडूचा निर्णय आपला आपण द्यायचा, आणि तो यंत्राशी ताडून पाहायचा. कोलकात्यात असे यंत्र नव्हते.

"चाळीस चेंडू," त्या म्हणाल्या. "रेषेपासून चार बोटांच्या आत पडलेलेच धरायचे. एकही चुकता कामा नये. आणि वहीत नोंद तुम्ही करायची."

"मी? ताई, मला टेनिसमधलं काही कळत नाही."

"म्हणूनच."

मी माझ्या आयुष्यात इतक्या दूरच्या प्रवासाला "नाही" म्हणण्याची पुष्कळ कारणे जमवून ठेवलेली होती. त्यांतले एकही मला वेळेवर आठवले नाही.

व्हिसाच्या अर्जावरून एक नाटक झाले. प्रवासाचा हेतू या रकान्यात ताईंनी स्वच्छ अक्षरांत लिहिले: दृष्टीची तपासणी. सियालदहजवळच्या प्रवास कंपनीतले गृहस्थ ते वाचून खुर्चीतून अर्धे उठले. "दीदी, असं लिहिलंत तर ते हॉस्पिटलचं पत्र मागतील! कुठल्या डॉक्टरकडे चाललात?"

"डॉक्टरकडे नाही. टेनिसला."

"मग टेनिस बघायला, असं लिहा ना!"

ताईंनी यावर पाच मिनिटे विचार केला. बाहेर लोकलमधून उतरलेल्या माणसांचे लोंढे वाहत होते, त्या गृहस्थांचा चहा गार होत होता. अखेर त्या म्हणाल्या, "बघायलाच जातेय. हे खोटं नाही." आणि नवा अर्ज मागितला.

लंडनमध्ये आम्ही माझ्या भाच्याकडे उतरलो. मैदानात शिरण्याची तिकिटे त्या त्या दिवशी रांगेत उभे राहून मिळतात, आणि ती रांग एका विस्तीर्ण बागेत गवतावर लागते. पहाटेच्या पहिल्या बसने आम्ही तिथे पोचलो. टोपी घातलेल्या एका वृद्ध स्वयंसेवकाने आम्हाला क्रमांक छापलेले एकेक कार्ड दिले. आमच्यापुढे हजारो माणसे होती. कोणी तंबू आवरत होते, कोणी दात घासत होते, आणि कोणीही कोणाच्या पुढे सरकत नव्हते. ताई मला जागेवर उभी करून रांगेच्या कडेने लांबवर चालत गेल्या आणि वीस मिनिटांनी परत आल्या.

"एकही आउट नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. मग तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला.

आत शिरताच माणसे मोठ्या कोर्टांच्या आणि प्रसिद्ध नावांच्या दिशेने धावत सुटली. ताई उलट्या दिशेने निघाल्या. अगदी कडेच्या एका लहान कोर्टावर दोन तरुण मुली खेळणार होत्या. त्यांची नावे मी विचारली नाहीत आणि ताईंनीही नाही. त्यांनी बाकांच्या बाजूने दोनदा फेरी मारली, एक डोळा मिटून अंदाज घेतला, आणि बेसलाइनच्या नेमक्या समोर येणाऱ्या पहिल्या ओळीच्या टोकावर बसल्या. मी शेजारी वही उघडली. दोन रकाने होते: ताई आणि यंत्र.

रेषांवर कोणी नव्हते. हे आम्हाला माहीत होते. पण माहीत असणे वेगळे. मागच्या हिरव्या भिंतीपाशी, जिथे पूर्वी माणसे गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी राहत, तिथे नुसते गवत होते. ताई त्या जागेकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. पहिला चेंडू बाहेर पडला आणि कुठूनसा एका बाईचा स्वच्छ आवाज आला, "आउट." ताई दचकल्या. दारातल्या स्वयंसेविकेला त्यांनी विचारले, "ही बाई कुठे बसली आहे?"

"कुठेच नाही, मॅडम. आवाज आधीच भरून ठेवलेला आहे. पाहण्याचं काम कॅमेरे करतात."

"आणि कॅमेऱ्यांना दिसलं नाही तर?"

"त्यांना नेहमीच दिसतं, मॅडम."

"नेहमीच?" ताई म्हणाल्या, आणि परत येऊन बसल्या.

मग काम सुरू झाले. इतरांना त्रास नको म्हणून त्या तोंडाने बोलत नव्हत्या. चेंडू आत असेल तर तळवे खाली करून गुडघ्यांवर पसरायचे. बाहेर असेल तर उजवा हात कोपरापर्यंतच बाजूला उचलायचा. त्यांचा हात आणि यंत्राचा आवाज एकदमच येत. पुष्कळदा हातच आधी. यंत्र गप्प राहिले म्हणजे चेंडू आत. मी खुणा करीत होते. एक, दोन, सात, बारा. आजूबाजूला टाळ्या पडत होत्या आणि ताई दगडासारख्या बसल्या होत्या. शेजारच्या एका गोऱ्या आजीबाईंना राहवले नाही. त्या वाकून म्हणाल्या, तुम्हाला मजा येत नाही का?

"आय अ‍ॅम ऑन ड्यूटी," ताई म्हणाल्या. नजर रेषेवरच होती.

संध्याकाळपर्यंत बावीस चेंडू झाले आणि बावीसही जुळले. परतताना ताईंनी स्ट्रॉबेरी आणि सायीची एक वाटी घेतली, दोघींत एक. बसच्या खिडकीत बसून त्या गुणगुणताना मला ऐकू आल्या. चार वर्षांत तेवढे एकदाच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाट, पुन्हा रांग, पुन्हा तेच टोक. त्या आजीबाईही पुन्हा आल्या आणि आमच्यासाठी त्यांनी जागा धरली होती. तेविसापासून तेहतिसापर्यंत सगळे जुळले. चौतिसावा चेंडू उंच वळण घेऊन खोल आला आणि रेषेपाशी पडला. ताईंचा हात उठला. आवाज आला, "आउट." मी दोन्ही रकान्यांत खूण केली.

"तो खोडा," ताई म्हणाल्या.

"का? जुळला की!"

"खोडा. मला दिसला नाही."

मला काही समजेना. "पण ताई, तुम्ही आउट दाखवलंत. यंत्रही आउटच म्हणालं."

"यंत्र म्हणालं म्हणून मला दिसला, असं होत नाही." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "चेंडू रेषेशी आला आणि नाहीसा झाला. जिथे रोखून बघते, नेमकं तिथेच भोक पडलंय. मग त्या खेळणाऱ्या मुलीचा खांदा पडलेला दिसला, आणि माझा हात उठला. जानेवारीत असंच झालं होतं. अगदी असंच. चेंडू नाही, त्या पोरीचा पडलेला चेहरा बघितला मी. आणि आउट म्हणून मोकळी झाले."

"अजून सहा राहिलेत," मी म्हणाले.

"ते यंत्राला राहू देत. परीक्षा झाली."

सामना संपेपर्यंत त्या उठल्या मात्र नाहीत. पुढे एकदा रेषेवर चेंडू पडला तेव्हा त्यांनी सावकाश दोन्ही हात डोळ्यांवर धरले. शेजारच्या आजीबाईंचा समज झाला की त्या रडत आहेत. त्यांनी हळूच रुमाल पुढे केला.

"त्यांना सांगा," हात न काढता ताई मला म्हणाल्या, "मी रडत नाहीये. निर्णय देतेय."

मी सांगितले. माझ्या इंग्रजीत ते कसे पोचले असेल, देव जाणे. आजीबाईंनी ताईंचा खांदा थोपटला.

कोलकात्याला परतल्यावर ताईंनी सामानही पुरते उघडले नाही. तिसऱ्या दिवशी त्या मला घेऊन न्यू टाउनमधल्या एका उंच इमारतीत गेल्या. दार जानेवारीतल्या त्या मुलीच्या वडिलांनी उघडले आणि आम्हाला पाहून ते तसेच दारात उभे राहिले.

"चोख देखिये एशेछि," ताई म्हणाल्या. डोळे दाखवून आले आहे.

गृहस्थ ओशाळले. "माशिमा, त्या दिवशी रागाच्या भरात मी..."

"रागाच्या भरात खरं बोललात. आम्हाला आत घेता का?"

मुलगी आतून आली. उंच झाली होती. ताई सोफ्यावर बसल्या नाहीत. तिच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले. मग हात काढून त्या म्हणाल्या, "चेंडू दिसला नाही तर पंचानं हे करायचं असतं. त्या दिवशी मी हे करायला हवं होतं. मी चेंडू पाहिला नाही, तुमचा चेहरा पाहिला. तुम्ही खेळ सोडलात तो माझ्यामुळे. त्याची भरपाई माझ्याजवळ नाही. पण खरं तुम्हाला कळायला हवं, म्हणून आले."

वडिलांचे डोळे चमकले. "मी सांगत नव्हतो, मामोनि? चेंडू आतच होता!"

मुलगी जमिनीकडे पाहत होती. "आउट होता," ती म्हणाली.

"काय?"

"आउटच होता, बाबा. एवढा." तिने दोन बोटे दाखवली. "मारतानाच मला कळलं होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही ओरडत होता."

मुलगी ताईंकडे वळली. "मग सगळेच म्हणायला लागले, माझ्यावर अन्याय झाला. बाबांनी क्लबला पत्र लिहिलं. मी कोर्टवर गेले की सगळे माझी समजूत काढायचे. तो आउट होता, हे मला सांगताच येईना. म्हणून जाणंच सोडलं."

मला वाटले, आता ताई सुटकेचा श्वास टाकतील. त्यांचा निर्णय बरोबर होता. मुलीचे नुकसान त्यांनी केले नव्हते. ताईंच्या चेहऱ्यावर तसे काही दिसले नाही.

"म्हणजे मला न दिसलेलं मी सांगितलं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला दिसलेलं तुम्ही सांगितलं नाहीत. दोघींनी मिळून ती रेषा खराब केली. आता दुरुस्तही दोघींनीच करायला हवी. जानेवारीत बेसलाइनवर माणूस लागेल. मी बसणार नाही."

"ती खेळेल," वडील घाईने म्हणाले. "बसायला कशाला? ती पुन्हा खेळेल."

"खेळायचं की नाही, ते त्या ठरवतील," ताई म्हणाल्या. "पण स्वतःचा चेंडू आउट दिसतो असा डोळा मी चाळीस वर्षांत फार थोड्यांचा पाहिला. असा डोळा असलेल्या माणसानं घरी बसायचं नाही."

मुलगी वडिलांकडे न पाहता म्हणाली, "मी बसेन."

दुर्गापूजेची सुट्टी संपल्यापासून दर रविवारी दुपारी आमच्या इमारतीच्या गाड्या ठेवण्याच्या जागेत शिकवणी सुरू झाली. ताईंनी खडूने रेषा आखली. ती सरळ आहे की नाही, हे आम्हा दोघींकडून तपासून घेतले, कारण फ्रिजवरच्या कागदावर उजव्या डोळ्याच्या रेषा आता वाकू लागल्या होत्या. चेंडू टाकण्याचे काम माझे होते. मी इतके वाईट टाकत असे की त्यांतले निम्मे रेषेच्या आसपासही येत नसत. "छान," ताई म्हणत, "खरे खेळाडूही असेच मारतात." मुलगी "आउट" म्हणे ते सुरुवातीला इतके हळू, की जिन्यातले मांजरसुद्धा हलत नसे. ताई खुर्ची दहा पावले मागे नेऊन बसत आणि म्हणत, "मला ऐकू आलं नाही." डिसेंबरच्या अखेरीस तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आवाजाबद्दल तक्रार केली. ताईंनी ती तक्रार प्रशस्तिपत्रासारखी जपून ठेवली.

जानेवारीत ताई क्लबात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसल्या. पांढरी साडी, पांढरे बूट, हात गुडघ्यांवर. मी शेजारी होते. मुलीचे वडील आमच्यापुढे दोन ओळी सोडून. मुलगी बेसलाइनवर अगदी ताठ बसली होती. सकाळभर तिने पुष्कळ निर्णय दिले, आणि तिचा आवाज कुंपणापलीकडच्या रस्त्यापर्यंत जात होता.

दुपारच्या सामन्यात बरोबरीत अडलेल्या डावात एक चेंडू झपाट्याने आला, त्याच क्षणी मागे सरकणारा खेळाडू तिच्या आणि चेंडूच्या मध्ये आला, आणि चेंडू रेषेपाशी धुरळा उडवून गेला. दोन्ही खेळाडू थांबले. एकाने हात वर केला, दुसऱ्याने मान हलवली. सगळे प्रेक्षक त्या मुलीकडे पाहू लागले. एक शब्द पुरला असता. कोणता तरी. तिचे वडील अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

मुलीने दोन्ही हात उचलले आणि डोळ्यांवर ठेवले.

कोर्टावर अशी शांतता पसरली की उंच खुर्चीवरच्या मुख्य पंचांनी पेन खाली ठेवल्याचेही ऐकू आले. आणि त्या शांततेत माझ्या अगदी कानाशी एक विचित्र आवाज झाला. कोरडा, सवय नसलेला, एकटाच. मी वळून पाहिले. ताई टाळ्या वाजवत होत्या. एक, दोन, तीन. मग हात पुन्हा गुडघ्यांवर गेले.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"बघता काय?" त्या म्हणाल्या. "आता मी पंच नाही."